नाव आणि बिदागी

दारातच वाद चालू होता. तिकीट दीडशे रुपये. टेबलाशी बसलेली मुलगी ते मागत होती आणि समोरचे काका देत नव्हते. काका चळवळीत आयुष्य घातलेले, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. ‘बाबासाहेबांच्या गाण्याला तिकीट? आमच्या काळात असलं काही नव्हतं, पोरी,’ ते म्हणाले. मुलगी आदराने बोलत होती, पण हटत नव्हती. ‘काका, दादा विदर्भातून आलाय. त्याच्या गाडीभाड्याचं कोण बघणार?’ काकांकडे उत्तर नव्हते. तरी ते पैसे न देताच आत गेले, आणि त्यांना अडवायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्यांच्या मागे मी होतो. माझे नाव पाहुण्यांच्या यादीत होते, म्हणजे मीही फुकटच आत जाणार होतो. काकांवर मनातल्या मनात रागावताना हे लक्षात आले आणि लाज वाटली. कागदावर छापलेला क्यूआर कोड स्कॅन करून मी दीडशे रुपये भरले. आजचा हा लेख त्या दीडशे रुपयांबद्दल आहे.

जागा म्हणजे मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका वस्तीतली अभ्यासिका. पहिला मजला, पत्र्याचे छप्पर, लोखंडी जिना. एरवी तिथे एमपीएससीची आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली बसतात. त्या रविवारी टेबले भिंतीला लावली होती आणि मधल्या जागेत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. भिंतीवर जोतीराव, सावित्रीमाई आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, शेजारी चालू घडामोडींचा तक्ता आणि ‘मोबाईल सायलेंट ठेवा’ ही पाटी. स्टेज नव्हतेच. दोन स्पीकर, एक लॅपटॉप, एक माईक. कार्यक्रमाची वेळ संध्याकाळी सहाची, कारण मुलींना वेळेत घरी जाता यावे आणि गाणाऱ्याला रात्रीची परतीची गाडी मिळावी.

गाणारा पंचविशीतला मुलगा. वऱ्हाडी मराठी आणि हिंदी यांची सरमिसळ करत रॅप करतो. सोबत त्याचा मावसभाऊ, हातात डफडे. लॅपटॉपवरचा बीट सुरू झाला आणि त्यावर डफड्याची थाप पडली, तेव्हा मागच्या रांगेतल्या आज्यांनी माना वर केल्या. बीट त्यांच्या ओळखीचा नव्हता, पण थाप त्यांच्या ओळखीची होती.

त्याचे एक गाणे जात पडताळणीवर आहे. दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचा दाखला, आजोबांचा पुरावा, 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा कागद, शपथपत्र, त्रुटी, पुन्हा त्रुटी. अर्जातली यादी तो एका दमात तालावर म्हणत जातो. सुरुवातीला अभ्यासिकेतली मुले खो खो हसली, कारण त्यांतल्या निम्म्या जणांची फाईल कुठल्या ना कुठल्या टेबलावर अडकलेली असते. मग यादी संपता संपेना. हसणे थांबले. ज्या आजोबाला शाळेच्या दारात उभे केले नाही, त्याचा शाळेतला कागद नातवाकडे मागितला जातो, एवढेच ते गाणे सांगते. हे मी आजवर अनेक भाषणांत ऐकले आहे. पोटात मात्र पहिल्यांदा त्या संध्याकाळी लागले.

एका गाण्याच्या मध्ये त्याने बीट थांबवला. ‘हे कडवं अजून बसलं नाही. दोन प्रकारे म्हणतो, तुम्ही सांगा कोणतं ठेवू,’ म्हणाला. दोन्ही म्हणून दाखवली. हॉलमध्ये वादावादी झाली. एका ताईने सांगितले की दुसऱ्या कडव्यात आई फक्त रडते आहे, आमच्या आया नुसत्या रडत बसल्या नाहीत. त्याने मान डोलावली आणि ते कडवे तिथेच काढून टाकले. मोठ्या मंचावर हे होत नाही, कारण तिथे पूर्ण झालेला माल न्यावा लागतो. चुकायची, बदलायची, आपल्याच माणसांकडून टोकले जायची सोय फक्त लहान जागेत असते. कलावंत तयार होतो तो अशाच ठिकाणी.

त्याचे नाव या लेखात नाही. मी विचारले तेव्हा त्याने हात जोडले. दिवसा तो एका खासगी कंपनीत काम करतो. तिथे त्याने गाण्याबद्दल सांगितलेले नाही. ज्या टोपणनावाने गातो ते छापले तर कार्यालयातले कुणीही पाच मिनिटांत शोधून काढेल, आणि मग चहाच्या वेळचे बोलणे बदलेल. रॅपमध्ये गाण्याच्या सुरुवातीलाच गायक आपले नाव घेतो, तशी रीतच आहे. हा मुलगाही प्रत्येक गाण्यात छातीठोकपणे नाव घेतो. पण अभ्यासिकेचा जिना उतरला की ते नाव त्याला खिशात ठेवावे लागते.

कार्यक्रम संपल्यावर हिशेब माझ्यासमोरच झाला. तिकीट काढून आलेले 54 जण, म्हणजे 8,100 रुपये. अभ्यासिकेला 1,500 आणि साउंडवाल्याला 3,500 दिले. दोघांचे स्लीपरचे जाण्यायेण्याचे भाडे आणि रस्त्यातले जेवण 1,700. उरले 1,400. दोघांत सातशे-सातशे. फुकट आत आलेले जवळजवळ तीस जण होते. त्यांनी तिकीट काढले असते तर आणखी 4,500 रुपये जमले असते. ते तीसही जण परके नव्हते. कुणी कार्यकर्ता, कुणी प्राध्यापक, कुणी पत्रकार. महिन्याला पगार घेणारे आपलेच लोक.

इंग्रजी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत ‘इंडी’ हा शब्द मोठ्या कौतुकाने येतो. इंडी म्हणजे स्वतंत्र, कुठल्या कंपनीच्या किंवा सिनेमाच्या दावणीला न बांधलेला कलावंत. शब्द चांगला आहे. पण त्या पुरवण्यांतला स्वतंत्र कलावंत बहुतेक वेळा घरच्यांनी घेऊन दिलेल्या गिटारवर, घरच्याच खोलीत केलेल्या स्टुडिओत स्वतंत्र झालेला असतो. त्याला कंपनी नको असते. आपल्या मुलांना कंपनीने कधी विचारलेलेच नसते. तेव्हा इंडी असणे ही आपल्याकडे निवड नव्हती, ती परिस्थिती होती. आणि त्या परिस्थितीतून आपण जे उभे केले ते या देशातले सर्वांत जुने स्वतंत्र संगीत आहे, हे त्या पुरवण्यांना ठाऊक नाही.

सत्यशोधक जलसे कुठल्या कंपनीच्या पैशावर चालत नव्हते. 1930च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी नाशिक भागातून आंबेडकरी जलसा उभा केला, तेव्हा त्यामागे कुठली रेकॉर्ड कंपनी नव्हती. तमाशाचा साचा घेतला, त्यातला आशय बदलला आणि गावकुसाबाहेरच्या वस्त्यांत रात्र-रात्र उभे राहिले. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत कामगारवस्तीत मोठ्या वयात अक्षरे शिकले आणि मग 2004 साली जाईपर्यंत हजारो गाणी लिहून गावोगाव गात राहिले. त्यांना कुणी इंडी म्हटले नाही.

काका म्हणाले ते अर्धे खरे आहे. त्या काळी दारात तिकीट नव्हते. पण कार्यक्रम फुकट होता, हे खरे नाही. वस्ती वर्गणी काढायची. कलावंताच्या मुक्कामाची सोय व्हायची, कुणाच्या तरी घरून भाकरी यायची, निघताना हातात बिदागी पडायची. ती तोकडी असेल, कधी बुडतही असेल, पण द्यायची असते हे सगळ्यांना माहीत होते. पाहुण्या कलावंताला रिकाम्या हाताने पाठवणे वस्तीला कमीपणाचे वाटायचे. आज वर्गणी निघते ती डीजेला, मंडपाला आणि नेत्याच्या फोटोच्या फलकाला. गाणाऱ्या पोराला सांगितले जाते, ‘भाऊ, समाजाचं काम आहे.’ 14 एप्रिलच्या त्याच कार्यक्रमात मंडपवाला समाजाचे काम म्हणून मंडप देत नाही आणि जनरेटरवाला डिझेल देत नाही. समाजकार्य एकट्या कलावंतानेच करायचे असते.

हा झाला बिदागीचा प्रश्न. दुसरा प्रश्न नावाचा.

वामनदादांच्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. तुकोबांच्या अभंगात ‘तुका’ येतो, कबीर आणि रविदासांच्या पदांत त्यांची नावे येतात. तोंडी परंपरेत नाव गाण्यातच ओवलेले असे. ना पुस्तक, ना कॅसेट, ना कायदा, तरी गाणे ज्या तोंडी जाईल त्या तोंडी नावही जाई. आजचा रॅपर पहिल्या ओळीत नाव घेतो, वामनदादा शेवटच्या कडव्यात घेत. कारण एकच: ज्यांच्या मेहनतीवरचे नाव पिढ्यान्‌पिढ्या पुसले गेले, त्यांना ते मेहनतीतच कोरून ठेवावे लागते.

आणि ते अजूनही पुसले जाते. ‘एन्जॉय एंजामी’ हे तमिळ गाणे मार्च 2021 मध्ये आले आणि देशभर वाजले. त्याचे शब्द अरिवू यांचे, आणि धी यांच्यासोबत ते गातातही. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून परतलेल्या त्यांच्या आजीची, वल्लियम्मांची, आणि भूमिहीनांच्या घामाची ती गोष्ट आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर धी आणि शॉन व्हिन्सेंट डी पॉल झळकले, अरिवू नव्हते. दिग्दर्शक पा. रंजित यांनी जाहीर हरकत घेतली, टीका वाढली, तेव्हा मासिकाने अरिवू यांचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. पुढे जुलै 2022 मध्ये चेन्नईतल्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात तेच गाणे अरिवू यांच्याविना सादर झाले, आणि गाण्यात कोणाचा वाटा किती यावर तिन्ही कलावंतांची जाहीर निवेदने निघाली. त्या वादात न्यायाधीश व्हायची मला हौस नाही. पण जो माणूस आपल्या आजीचे नाव गाण्यात ठेवतो, त्याचे स्वतःचे नाव पुनःपुन्हा का गळते, हा प्रश्न जातीचा आहे आणि तो जातीचाच म्हणून विचारला पाहिजे.

याच गाण्याची पैशाची बाजूही पाहा. मार्च 2024 मध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीरपणे सांगितले की या गाण्यातून तिघांपैकी कुणालाही तोवर एक रुपयाही मिळालेला नाही. कोट्यवधी वेळा पाहिले गेलेले गाणे, आणि ही अवस्था. कायदा नाही असे नाही. 2012च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा राखून ठेवला आहे. तो वारसदारांखेरीज किंवा कॉपीराइट सोसायटीखेरीज कुणाला लिहून देता येत नाही. पण हे आपल्या किती पोरांना माहीत असते? ‘व्हायरल करून देतो’ म्हणणाऱ्याने पुढे केलेल्या कागदावर ती सही करून मोकळी होतात. लहान कलावंताची अवस्था तर आणखी वाईट. 2024 पासून स्पॉटिफायने वर्षभरात हजारांहून कमी वेळा ऐकल्या गेलेल्या गाण्याला रॉयल्टी देणे बंद केले आहे. आपण ‘लाइक’ करतो, ‘जय भीम’ लिहितो, स्टेटसला ठेवतो. त्यातून त्या मुलाच्या घरात पीठ येत नाही.

म्हणून लहान जागा महत्त्वाची आहे. तिथे ऐकणारा आणि गाणारा यांच्यामध्ये कुणी दलाल नसतो. पैसा कमी असतो, पण तो थेट हातात पडतो, आणि नाव कुणाला गाळता येत नाही, कारण माणूसच समोर उभा असतो.

आणि मोठ्या जागांचे दरवाजे कसे उघडतात, हे चेन्नईने दाखवले आहे. तिथे मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, कर्नाटक संगीताचा हंगाम भरतो. त्या सभांच्या मंचावर कोण बसते आणि श्रोत्यांत कोण असते हे सांगायची गरज नाही. मृदंगाला कातडे चढवणारे हात बहुतेक दलितांचे, मंच मात्र त्यांचा नाही. जानेवारी 2018 मध्ये पा. रंजित यांच्या नीलम कल्चरल सेंटरने आणि संगीतकार टेन्मा यांनी त्याच शहरात ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा गट लोकांसमोर आणला. अंत्ययात्रेत वाजणारी गाना, पराई, रॅप आणि रॉक एकत्र. नाव घेतले ते पंडित अयोथी दास यांच्या ‘जातिविहीन तमिळ’ या संकल्पनेवरून. डिसेंबर 2020 पासून तर ऐन मार्गळीत ‘मार्गळीयिल मक्कळिसै’, म्हणजे मार्गळीतले लोकसंगीत, हा स्वतःचा महोत्सवच सुरू केला. सभांनी बोलावण्याची वाट कुणी पाहत बसले नाही. अपमानाचे मानले गेलेले वाद्य मानाच्या महिन्यात मानाने वाजवले. पण यामागे एक संस्था होती, कार्यकर्ते होते, पैसा उभा करणारे लोक होते. नुसत्या कौतुकाने ते झाले नाही.

देशभर अशी मुले-मुली उभी राहत आहेत. जालंधरच्या गिन्नी माही यांनी रविदासांची आणि बाबासाहेबांची गाणी पंजाबी पॉपच्या तालात नेली आणि जी जात शिवी म्हणून वापरली जायची तीच अभिमानाने गाण्याच्या नावात ठेवली. ओडिशातल्या कोरापुटचे सुमीत सामोस रॅप करत जेएनयूत वाढले आणि 2021 मध्ये लोकांनी जमवलेल्या पैशांच्या बळावर ऑक्सफर्डला शिकायला गेले. अमरावतीच्या विपिन तातड यांच्यासारख्यांनी रॅप मराठी वस्तीच्या भाषेत आणला. औरंगाबादच्या कडूबाई खरात घरोघर एकतारीवर गाऊन पोट भरत होत्या. मोबाईलवरच्या व्हिडिओंनी त्यांचा आवाज सगळीकडे पोहोचवला. या प्रत्येकामागे, नाव होण्याआधी, कुठला तरी विहार, कुठला तरी नाका, कुठले तरी कॉलेजचे आवार होते. तिथे चाळीस-पन्नास लोक जमले नसते तर पुढचे काही घडले नसते.

शिवाय आपल्याकडे गाणे ही कधीच निव्वळ करमणूक नव्हती. मे 2015 मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या तरुणाचा खून झाला, तो मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून. रमाबाई आंबेडकर नगरातल्या जुलै 1997च्या गोळीबारानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. ज्या गाण्यासाठी माणसांनी एवढी किंमत मोजली, त्याच्यासाठी दीडशे रुपये मोजताना आपला हात का थांबतो?

यावर एक रास्त आक्षेप आहे. तिकीट लावले तर वस्तीतला गरीब माणूस बाहेर राहील. आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दारावर अडवले त्यांनी स्वतःच्या दारावर टेबल मांडायचे का? आक्षेप खरा आहे, आणि त्या अभ्यासिकेने तो ओळखलाही होता. वस्तीतल्या बायकांना, विद्यार्थ्यांना आणि ज्येष्ठांना ‘जमेल ते’ असा डबा ठेवला होता. मागच्या रांगेतल्या आज्यांपैकी एकीने कनवटीची दहाची नोट त्यात टाकताना मी पाहिली. त्या 54 जणांच्या हिशेबात ती नोट नाही. डब्यातले पैसे अभ्यासिकेच्या वीजबिलाला गेले. म्हणजे ज्यांना परवडत नव्हते त्यांनी दिले, आणि ज्यांना परवडत होते ते ओळखीवर आत गेले. दारावरच्या टेबलाने गरिबाला अडवले नाही. त्याने फक्त आपल्यातल्या सुस्थितांचा खोटेपणा उघडा केला, माझ्यासकट.

तेव्हा करायचे काय, तर साध्या गोष्टी. 14 एप्रिल, 6 डिसेंबर, 3 जानेवारी, धम्मचक्र प्रवर्तन दिन, कोणताही कार्यक्रम असो, अंदाजपत्रकात मंडपाच्या आधी कलावंताचे मानधन लिहा आणि ते आधी ठरवून, त्याच दिवशी द्या. पत्रिकेवर अध्यक्ष आणि प्रमुख पाहुण्यांच्या खाली ‘भीमगीतांचा कार्यक्रम’ एवढेच न छापता गाणाऱ्याचे आणि वाजवणाऱ्याचे नाव छापा. व्हिडिओ पुढे पाठवताना लिहिणाऱ्याचे नाव काढू नका. आपल्यात वकील आहेत. त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ या मुलांचे करार वाचून द्यावेत. अभ्यासिका, विहार, समाजमंदिरे आपलीच आहेत. महिन्यातला एक रविवार गाण्याला द्यावा. आणि पाहुण्यांच्या यादीत नाव असलेल्यांनी सर्वांत आधी तिकीट काढावे.

हिशेब संपल्यावर त्या मुलाने सातशे रुपये न मोजताच खिशात घातले. डफडे कापडात गुंडाळले. तेवढ्यात ते काका जिन्याशी त्याची वाट पाहत उभे असलेले दिसले. त्यांनी त्याचा हात हातात घेतला, तळहातात काहीतरी ठेवून मूठ मिटली आणि म्हणाले, ‘तिकीट नाही हं हे. बिदागी आहे.’ मग त्याचे खरे नाव विचारले. त्याने आडनावासकट सांगितले. काकांनी ते पुन्हा एकदा, सावकाश, मोठ्याने उच्चारले.

त्या जिन्यावर जे नाव मोठ्याने घेता आले, ते मला इथे लिहिता येत नाही. येईल तेव्हा या लेखातली ही रिकामी जागा मी पहिल्यांदा भरीन.

जय भीम.